ग्रँड ज्युरीची खुर्ची : मुंबई ते मीरा-भाईंदर

मीरा-भाईंदर महानगरपालिका ज्या कायद्याने चालते, त्यात प्रभाग समितीविषयी एक कलम आहे. त्यानुसार नगरसेवक आणि प्रभाग अधिकारी यांच्या जोडीला त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन सभासद समितीवर घेता येतात. त्यांना निवडणूक लढवावी लागत नाही, पक्षाचे तिकीट लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेचे काम आणि त्याच भागातील मतदार यादीत नाव, एवढे पुरते. प्रभागातील गटारे, दिवे, रस्ते यांवर होणाऱ्या खर्चाविषयी अधिकाऱ्यांच्या समोर बसून प्रश्न विचारण्याची ही जागा आहे.

सामान्य रहिवाशाने सरकारच्या दारात उभे न राहता आत जाऊन हिशेब पाहावा, ही कल्पना या परिसरात नवी नाही. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी अशाच एका खुर्चीसाठी मुंबईकरांनी थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे दाद मागितली. ती खुर्ची मिळाली, आणि तेहतीस वर्षांत मोडीतही निघाली. तिचे नाव ग्रँड ज्युरी. हा धागा तिच्याविषयी आहे, आणि तिच्या हद्दीबाहेर राहिलेल्या साष्टी बेटाविषयीही. आजचे मीरा-भाईंदर याच बेटाच्या उत्तर टोकाला आहे.

ज्युरी म्हटले की बहुतेकांना नानावटी खटला आठवतो. १९५९ साली नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नौदल अधिकारी नानावटी यांना निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि पुढे त्यावर चित्रपट निघाले. पण ती ‘पेटी’ म्हणजे लहान ज्युरी. आरोपी दोषी की निर्दोष, एवढेच तिने सांगायचे. ग्रँड ज्युरीचे काम त्याच्या आधी सुरू होई. खटला चालवण्याइतका पुरावा मुळात आहे का, हे ती तपासे. वाटला तर आरोपपत्रावर ‘ट्रू बिल’ असा शेरा पडे. नाही वाटला तर माणूस तिथूनच सुटे.

ही पद्धत इंग्लंडची. दुसऱ्या हेन्रीने ११६६ साली क्लॅरेंडन येथे काढलेल्या फर्मानात प्रत्येक महालातील बारा भरवशाच्या माणसांनी शपथेवर गुन्हेगारांची नावे सांगावीत असे ठरले. राजाला आपल्या माणसांकडून कळणार नाही ते गावच्या माणसांकडून कळावे, हा त्यामागचा हिशेब. प्रजेच्या स्वातंत्र्याचा विचार त्यात मुळीच नव्हता. तो शतकांच्या वापरातून आत शिरला. राजाच्या कामी आलेली गावकऱ्यांची तोंडे पुढे राजाच्या अधिकाऱ्यांविषयीही बोलू लागली. तुरुंगाची भिंत पडली आहे, पूल मोडकळीस आला आहे, अमुक अंमलदार लाच खातो, असे शेरे ग्रँड ज्युरी न्यायालयापुढे लेखी मांडू लागली. त्याला ‘प्रेझेंटमेंट’ म्हणत.

ज्युरीचे हे दुसरे काम आज जगात सर्वाधिक जिवंत आहे ते अमेरिकेतील कॅलिफोर्नियात. तिथे प्रत्येक काउंटीत, म्हणजे ५८ ठिकाणी, दरवर्षी ग्रँड ज्युरी बसवणे राज्यघटनेने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी तिचे १९ सभासद असतात, लॉस एंजेलिसमध्ये २३. नागरिक स्वतःहून अर्ज करतात, न्यायाधीश मुलाखती घेतात आणि मग चिठ्ठ्या टाकून नावे निघतात. १ जुलैपासून ३० जूनपर्यंत वर्षभर ही माणसे शहरांचे, शाळामंडळांचे, पाणीपुरवठा मंडळांचे दप्तर तपासतात. भत्ता दिवसाला १५ डॉलर किंवा थोडा अधिक. त्या देशात तेवढ्यात दोन वेळचे जेवण जेमतेम होते.

त्यांच्या हाती दंड करण्याची सत्ता जवळजवळ नाही. आहे ती एवढीच, की त्यांचा अहवाल प्रसिद्ध होतो, आणि ज्या संस्थेविषयी तो असेल तिला ९० दिवसांत, निवडून आलेल्या अधिकाऱ्याला तर ६० दिवसांत, लेखी उत्तर द्यावेच लागते. शिफारस मान्य आहे की नाही, नसेल तर का नाही, हे स्पष्ट लिहावे लागते. ज्यांनी कधी पालिकेच्या आवक-जावक कक्षात अर्ज दिला आहे, त्यांना या ‘द्यावेच लागते’ची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मुंबईकडे. ज्युरी या शहरात आली ती गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात. ऑगस्ट १६७२ मध्ये त्याने इंग्रजी कायद्याचे न्यायालय थाटामाटाने सुरू केले. पण न्यायालय उघडणे आणि सत्तेला चाळणी लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ते पुढच्या अर्धशतकात रामा कामाठी प्रकरणाने दाखवून दिले. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ च्या सुमारास नव्याने बांधणारा हा श्रीमंत पुढारी कंपनीचा जुना चाकर होता. कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि १७२० मध्ये गव्हर्नर बून आणि त्याच्या मंडळींपुढेच चौकशी झाली. आरोप करणारे तेच, ऐकणारे तेच, शिक्षा देणारे तेच. रामा कामाठी जन्माचा कैदी झाला, मालमत्ता गेली. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट असल्याचे पुढे मानले गेले; तोवर तो तुरुंगातच मरण पावला होता. खटला उभा राहण्याआधी पुरावा हातात घेऊन पाहणारे शहरातील बारा लोक का हवेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण मुंबईच्या इतिहासात शोधावे लागेल.

१७९८ मध्ये मुंबईला रेकॉर्डरचे न्यायालय मिळाले आणि ८ मे १८२४ रोजी त्याच्या जागी सुप्रीम कोर्ट आले. हे न्यायालय ज्या इमारतीत बसे ती आजही लायन गेटसमोर उभी आहे. ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग हे तिचे पुढचे नाव. सत्राच्या आरंभी न्यायाधीश ग्रँड ज्युरीला उद्देशून भाषण करीत. १८०४ ते १८११ या काळातील रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांची ही भाषणे विशेष गाजली. शहरात गुन्हे का वाढले, पोलीस काय करतात, शिक्षा कडक असावी की सौम्य, असे विषय त्यांत येत. वर्तमानपत्रे बाल्यावस्थेत होती आणि विधिमंडळ नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. सरकारच्या कारभारावर जाहीरपणे बोलण्याची ही जवळजवळ एकमेव अधिकृत जागा होती.

सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट यांनी ती पुरेपूर वापरली. पोलीस दंडाधिकारी कायद्याचा आधार नसताना लोकांना फटक्यांच्या शिक्षा देतात, हे त्यांनी न्यायासनावरून उघड केले आणि सरकारशी वैर ओढवून घेतले. मात्र ज्यांच्या पाठीवर फटके पडत त्यांच्यापैकी कोणीही समोरच्या ज्युरीत नव्हता. तिथे सगळे युरोपीयच असत.

हा भेद लंडनच्या लक्षात आला तो अर्धाच. १८२६ मध्ये चार्ल्स विन यांच्या पुढाकाराने पार्लमेंटने हिंदुस्थानातील ज्युऱ्यांविषयी कायदा केला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईतील लायक रहिवाशांना ज्युरीत बसता येईल, असे त्याने ठरवले. पण त्याला एक शेपूट होते. ग्रँड ज्युरीत फक्त ख्रिस्ती बसतील, आणि ख्रिस्ती आरोपीचा न्याय करणाऱ्या ज्युरीतही फक्त ख्रिस्तीच बसतील. म्हणजे ख्रिस्ती माणूस हिंदूचा, मुसलमानाचा, पारशाचा न्याय करू शके. उलट मात्र नाही.

कलकत्त्याहून राममोहन रॉय यांनी याविरुद्ध लेखणी उचलली आणि तेथील हिंदू-मुसलमानांच्या सह्यांचा अर्ज पार्लमेंटकडे गेला. मुंबईतील शेटिया मंडळींनीही आपला अर्ज धाडला. या अर्जांतील मागणी नीट पाहण्यासारखी आहे. त्यांनी कर कमी करा म्हटले नाही, नोकऱ्याही मागितल्या नाहीत. बिनपगारी काम मागितले. आपला वेळ, पेढीचे दिवस, सत्रांतील तासन्तास त्यांना फुकट द्यायचे होते. इंग्रज व्यापाऱ्याला हे काम म्हणजे कटकट वाटत असेल. ज्याला दाराबाहेर ठेवले होते त्याला तो मान होता. आणि केवळ मानही नव्हे. कोणावर खटला चालेल आणि कोणावर नाही हे ठरवणाऱ्या खोलीत आपले कोणी नसेल तर शहरातील घरदार, व्यापार, अब्रू सगळे परक्याच्या मर्जीवर, हे त्या पेढीवाल्यांना पक्के कळले होते.

१८३२ मध्ये चार्ल्स ग्रँट यांनी नवा कायदा पुढे आणला. कंपनीच्या संचालकांचा विरोध होता, तरी तो मंजूर झाला. ग्रँड ज्युरीतील धर्माची अट गेली आणि जस्टिस ऑफ द पीस हे पदही हिंदी लोकांना खुले झाले. त्यानुसार १८३४ मध्ये मुंबईत तेरा हिंदी जस्टिस नेमले गेले. त्यांत पारशी बहुसंख्य होते. जमशेटजी जीजीभाई आणि फ्रामजी कावसजी ही त्यांतील मोठी नावे. हिंदूंमध्ये जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि ढाकजी दादाजी, मुसलमानांमध्ये महंमद इब्राहिम मकबा.

त्यांना लोकप्रतिनिधी म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. न्यायालयाची भाषा इंग्रजी, पात्रतेला संपत्तीची जोड. गिरगावातील कारागीर किंवा माझगावचा कोळी त्या खोलीच्या आसपासही फिरकू शकत नव्हता. स्त्रियांचा प्रश्न तर कोणाच्या मनातही आला नाही. तरीही एक उंबरठा ओलांडला गेला होता. मराठी घरात जन्मलेला माणूस इंग्रज आरोपीवरील कागदपत्रे पाहून ‘हा खटला चालावा’ असे म्हणू शकत होता, तो उंबरठा.

तो उंबरठा कुठवर होता, हेही पाहायला हवे. सुप्रीम कोर्टाचा अंमल स्थानिक रहिवाशांवर मुंबई बेटापुरताच होता. माहीमची खाडी ओलांडली की साष्टी. ती १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. पण कायद्याच्या दृष्टीने ती मुंबई नव्हे, ठाणे जिल्हा.

ही रेघ किती खोल होती याचा निकाल १८२८-२९ मध्ये लागला. ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश नावाच्या कैद्याला आणि पुण्यातील मोरो रघुनाथ या मुलाला आपल्यापुढे हजर करा, असे हुकूम सुप्रीम कोर्टाने काढले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी पुण्यातील हुकमाची अंमलबजावणी होऊ दिली नाही. न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट इतके संतापले की त्यांनी न्यायालयाचे कामकाजच थांबवले. वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेला आणि १८२९ मध्ये सरकारची सरशी झाली. मुंबई बेटाबाहेरच्या हिंदी रहिवाशांवर आणि तिथल्या तुरुंगाधिकाऱ्यांवर सुप्रीम कोर्टाची सत्ता नाही, असे ठरले.

म्हणजे भाईंदरच्या मिठागरात राबणारा आगरी, घोडबंदरचा शेतकरी आणि उत्तनचा कोळी हे सगळे रेघेच्या पलीकडे. यात एक विचित्र गंमत दडली आहे. १८२६ च्या कायद्यातील धर्माची अट उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्याने सहज पुरी केली असती, नाना शंकरशेटांना ती करता येत नव्हती. पण उत्तनचा कोळी राहत होता हद्दीबाहेर. धर्माने आत, पत्त्याने बाहेर.

मग त्या बेटावर लोकांनी एकत्र बसून सत्य ठरवण्याची काही रीत नव्हतीच का? होती, आणि ती इंग्रजांच्या आधीची होती. १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली. घोडबंदरचा किल्ला त्याच वर्षी हाती आला, भाईंदर-उत्तनजवळच्या धारावीच्या टेकडीवर झुंजी झाल्या आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. त्यानंतरची पस्तीसेक वर्षे हे बेट मराठी अंमलाखाली होते, आणि त्या अंमलाबरोबर मराठी मुलखातील न्यायाची रीतही होती.

त्या रीतीचा कणा म्हणजे गोतसभा आणि महजर. वतनाचा, हद्दीचा, वारशाचा तंटा निघाला की देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेतकरी आणि बलुतेदार एकत्र बसत. पुरावा पाहत, म्हाताऱ्यांच्या साक्षी घेत, प्रसंगी दिव्य करवीत. निर्णय कागदावर उतरे आणि हजर असलेल्यांची नावे त्यावर नोंदली जात. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणबी नांगर काढी, सुतार किंकरे, न्हावी आरसा. अक्षरशून्य माणसाची खूण सरकारी निर्णयपत्राचा भाग होत असे. त्या काळच्या इंग्लंडातील ग्रँड ज्युरीत, जिथे जमीनदारच बसत, असा नांगर शोधूनही सापडला नसता.

तुलना ताणू मात्र नये. महजर हा रयतेतील तंट्याचा निर्णय होता. सरसुभेदाराच्या कारभाराची झडती घेण्यासाठी कोणी गोतसभा बोलावत नव्हते. सभेत बसणाऱ्यांची जागा जातीने आणि वतनाने ठरलेली असे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीच्या पद्धतीची वाखाणणी केली आणि ती टिकवण्याची इच्छाही दाखवली. पण साहेबाची कचेरी आली, वकील आले, छापील कायदे आले, आणि नांगर-आरशाच्या निशाण्या दप्तरात गेल्या.

मुंबईच्या ग्रँड ज्युरीचा शेवट १८६५ साली झाला. मुंबईच्या इतिहासात त्या वर्षाइतके खच्चून भरलेले वर्ष दुसरे क्वचितच असेल. अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैला शेअरबाजाराचा फुगा फुटला. ३१ जुलैला नाना शंकरशेट गेले. त्याच वर्षी शहराला नवा पालिका कायदा मिळाला आणि आर्थर क्रॉफर्ड नावाचा अत्यंत धडाडीचा आयुक्त शहराचा कारभार पाहू लागला. आणि त्याच वर्षीच्या तेराव्या कायद्याने उच्च न्यायालयांतील ग्रँड ज्युरी रद्द झाली.

रद्द करण्यामागचा युक्तिवाद बिनतोड दिसतो. दंडाधिकारी खटला पुढे पाठवण्याआधी प्राथमिक चौकशी करतोच. तीच चाळणी दुसऱ्यांदा कशाला? पुढे इंग्लंडनेही १९३३ मध्ये याच विचाराने आपली ग्रँड ज्युरी जवळजवळ संपुष्टात आणली. पण या हिशेबात ग्रँड ज्युरीचे पहिलेच काम धरले होते. दंडाधिकारी पुरावा चाळू शके. सरकारी तुरुंग, पोलीस आणि रस्ते यांविषयी शहराच्या वतीने न्यायालयापुढे लेखी शेरा मांडणे हे त्याचे काम नव्हते. तो तर सरकारचाच नोकर. ग्रँड ज्युरी गेली तेव्हा तिचे दुसरे काम कोणाकडेही सोपवले गेले नाही.

पहिल्या कामाचेही काय झाले ते टिळकांच्या खटल्यांत दिसते. १८९७ चा राजद्रोहाचा खटला सरकारच्या मंजुरीने उभा राहिला आणि दंडाधिकाऱ्याने तो उच्च न्यायालयाकडे पाठवला. मधे शहरातील माणसांची चाळणी नव्हती. पुढची लहान ज्युरी सहा युरोपीय आणि तीन हिंदी जणांची होती. कौल सहा विरुद्ध तीन असा लागला. १९०८ मध्ये सात युरोपीय, दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. ज्युरीत कोण बसते याविषयी १८३० च्या सुमारास शेटियांनी धरलेला हट्ट पोकळ नव्हता, हे या दोन आकड्यांपुढे पटते.

इकडे क्रॉफर्डवर लक्ष ठेवायला कोण होते? जस्टिस ऑफ द पीस. १८६५ च्या कायद्याने त्यांचे मंडळ हीच शहराची महापालिका ठरली होती. हेच ते पद, ज्यासाठी एका पिढीपूर्वी अर्ज गेले होते. पण आता तो मान तहहयात मिळे, लोकांनी निवडून द्यावे लागत नसे आणि काढण्याची सोय नव्हती. क्रॉफर्डने गटारे, रस्ते, मंडई असा झपाटा लावला. त्याच्या नावाची मंडई आजही गजबजलेली आहे. खर्च मात्र हाताबाहेर गेला आणि जस्टिसांना तो आवरता आला नाही. १८७१ मध्ये करदाते उसळले. नवरोजी फर्दुनजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखी माणसे त्या चळवळीत पुढे होती.

सगळे आयुक्ताला झोडपत असताना सव्विशीतल्या फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून उलटाच सूर लावला. दोष एकट्या आयुक्ताचा नाही, कोणालाच जबाबदार नसलेल्या जस्टिसांच्या मंडळाचा आहे. त्या जागी करदात्यांनी निवडलेले लोक आणा, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी सभेला ते रुचले नाही. पण १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली, त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडलेले. निगराणी करणाराच बेफिकीर झाला तर काय, हा मेहतांचा प्रश्न तेव्हाइतकाच आजही अडचणीचा आहे. कॅलिफोर्नियाचे त्यावरचे उत्तर साधे आहे : वर्ष संपले की घरी जा, आणि नावे चिठ्ठीने काढा.

साष्टीतील खेडी या साऱ्यापासून दूरच राहिली. रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. त्यांचा भाईंदरच्या माणसाशी संबंध रस्त्याच्या खडीपुरता. खरा बदल झाला १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने. मतदार यादीतील प्रत्येक गावकरी ग्रामसभेचा सभासद ठरला. पंचायतीचा वार्षिक जमाखर्च त्या सभेपुढे ठेवणे भाग होते. मीरा, काशी, नवघर, भाईंदर, घोडबंदर अशा गावांतील कोणीही उठून ‘विहिरीच्या दुरुस्तीचे पैसे कुठे गेले’ असे विचारू शकत होता. प्रत्यक्षात किती जण उठत, कोणाला बोलू देत, हा भाग वेगळा. कायद्याने तोंड दिले होते.

१२ जून १९८५ रोजी आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली. शहर झाले, आणि ग्रामसभा गेली. नगरपालिकेच्या कायद्यात तिच्या तोडीचे काही नव्हते. लोकसंख्या मात्र झेपावत होती : १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख, २००१ मध्ये ५.२० लाख, २०११ मध्ये आठ लाखांवर. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाणी, जमीन, बांधकाम परवानग्या या प्रश्नांवर प्रचंड पैसा खेळू लागला, नेमक्या त्याच काळात रहिवाशाची हिशेब विचारण्याची सभा नाहीशी झालेली होती. गावातून शहरात जाताना माणसाला काय मिळते याची यादी सगळे करतात. काय हरवते त्या यादीत ही नोंद असायला हवी.

७४ व्या घटनादुरुस्तीने ती उणीव भरण्याचा प्रयत्न केला. तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात आरंभी सांगितलेल्या तीन जागा त्यातूनच आल्या. समितीने प्रभागातील गाऱ्हाण्यांचा निपटारा करावा, खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी कराव्यात, पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी द्यावी, असे तिचे काम. २००९ च्या दुरुस्तीने शहरांसाठी क्षेत्रसभाही कायद्यात आणली, ग्रामसभेची शहरी बहीण म्हणून. ती बहुतांश शहरांत कागदावरच राहिली. माहितीचा अधिकार महाराष्ट्राला २००२ मध्ये आणि देशाला २००५ मध्ये मिळाला, आणि त्याने पुष्कळ काम केले. पण तो एकट्याने दिलेला अर्ज आहे. तीस दिवसांत कागद मिळतो. त्या कागदाचा अर्थ लावून दिलेल्या शिफारशीला उत्तर देण्याचे बंधन कोणावर नाही.

तीन जागांच्या कलमातही दोन बारकावे आहेत, आणि मुंबईच्या जस्टिसांची कहाणी माहीत असलेल्याला ते लगेच खटकतील. पहिला असा, की हे तीन सभासद नेमतात कोण? समितीतील नगरसेवकच. ज्यांच्या कामाकडे पाहायचे त्यांनीच पाहणारे निवडायचे. कॅलिफोर्नियात अर्ज न्यायाधीशाकडे जातो, आणि अखेरचा शब्द चिठ्ठीचा असतो.

दुसरा बारकावा मुदतीचा. प्रभाग समितीची मुदत महानगरपालिकेच्या मुदतीला बांधलेली आहे. मीरा-भाईंदरच्या निर्वाचित सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली तीन वर्षांहून अधिक पालिकेचा पैसा खर्च होत होता, निविदा निघत होत्या, रस्ते खोदले आणि बुजवले जात होते. त्या काळात निर्वाचित सभागृह नव्हते, म्हणून प्रभाग समिती नव्हती, आणि समिती नव्हती म्हणून त्या तीन खुर्च्याही नव्हत्या.